खाडीकाठचे पाहुणे

सामन्याच्या दिवशी ओकलंडच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर ओलांडून थेट क्रीडांगणाच्या पायथ्याशी लागते. बोटीतील बहुतेक माणसांच्या डोक्यावर जायंट्स या यजमान संघाच्या काळ्या-नारिंगी टोप्या असतात. त्या गर्दीत एखादी निळी टोपी दिसली की चार माना तिकडे वळतात. ती लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाची. सुमारे सहाशे किलोमीटरचा प्रवास करून, पदरचा पैसा खर्चून, आपला संघ परक्याच्या अंगणात खेळताना पाहावयास हा गृहस्थ आलेला असतो. त्याच्या बाजूने टाळ्या वाजविणारे थोडे, हुर्यो करणारे हजारो. तरीही तो येतो. बेसबॉलच्या खेळात या प्रवासी शौकिनाचे स्थान काय आणि त्याला आसरा कोण देतो, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने हे खाडीकाठचे मैदान अवश्य पाहावे.

बोटीतून उतरून तो पाण्याच्या कडेने चालू लागतो. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला चोवीस फूट उंचीची विटांची भिंत. ही भिंत म्हणजे मैदानाच्या उजव्या अंगाचे कुंपणच होय. तिला कमानी ठेवलेल्या आहेत आणि कमानींना जाळ्या आहेत. त्या जाळ्यांपाशी उभे राहिले म्हणजे आतील हिरवळ अगदी पावलांच्या पातळीवर दिसते. येथून सामना पाहावयास तिकीट लागत नाही. गर्दी झाली तर तीन डाव पाहून मागच्या माणसास जागा द्यावी, एवढाच काय तो नियम. येथे एक खुलासा केला पाहिजे. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकास ‘तीन डाव’ म्हणजे दोन-तीन दिवसांचा खेळ वाटेल. पण बेसबॉलमध्ये तीन गडी बाद झाले की डाव आटोपतो व प्रत्येक संघास असे नऊ डाव मिळतात. तेव्हा तीन डाव म्हणजे साधारण तासाभराची फुकट करमणूक.

अमेरिकेसारख्या हिशेबी देशात हा उदारपणा कसा, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर जमिनीत आहे. मैदान जायंट्स संघाचे असले तरी त्याखालील भूमी सॅन फ्रान्सिस्को बंदराच्या मालकीची असून ती भाडेपट्ट्याने दिलेली आहे. समुद्राचा काठ हा सर्व लोकांचा ठेवा, ही त्या राज्यातील जुनी कायदेशीर कल्पना. त्यामुळे पाण्यालगतची वाट सर्वांना मोकळी ठेवणे भाग होते. वाट मोकळी ठेवलीच आहे, तर भिंतीलाही चार डोळे ठेवावे, ही बांधणाऱ्यांची रसिकता मात्र त्यांची स्वतःची.

या ओढ्याकाठी पाहुण्यांची ये-जा जुनीच आहे. मैदानाला लागून जी खाडी आत शिरते ती मिशन क्रीक या ओढ्याचे मुख होय. १७७६ मध्ये स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांच्या नावाने येथे जे मठमंदिर स्थापिले, त्यावरून ओढ्यास हे नाव पडले, आणि संताचे नाव पुढे शहरासच मिळाले. एकोणिसाव्या शतकात चीनशी व्यापार करणारी जहाजे येथे लागत. म्हणून या गोदीस ‘चायना बेसिन’ म्हणू लागले. पुढे गुदामे आली, आगगाडीचे रूळ आले, आणि कालांतराने दोहोंनाही अवकळा आली. ओढ्यावरील उघडझाप करणारा लोखंडी पूल १९३३ चा. त्यास लेफ्टी ओडूल या स्थानिक खेळाडूचे नाव आहे. १९४९ मध्ये, महायुद्धाच्या जखमा ओल्या असताना, हा ओडूल आपला संघ घेऊन जपानमध्ये पाहुणा म्हणून गेला होता आणि तेथील जनतेने त्याचे अपूर्व स्वागत केले होते. जपानच्या बेसबॉलमधील थोर व्यक्तींच्या यादीत त्या अमेरिकनाचे नाव आज आदराने घेतले जाते.

आता ज्या संघाचे हे मैदान तो जायंट्स संघही मूळचा इथला नव्हे. तो न्यूयॉर्कचा. हार्लेम नदीच्या काठी ‘पोलो ग्राउंड्स’ नावाचे त्याचे जुने घर होते. १९५० नंतर प्रेक्षक रोडावले, उपनगरांत राहावयास गेलेल्या लोकांना मैदान दूर पडू लागले, आणि होरेस स्टोनहॅम या मालकाने १९५७ च्या ऑगस्टमध्ये संचालकांच्या आठ विरुद्ध एक मतांनी संघ साडेचार हजार किलोमीटरवरील सॅन फ्रान्सिस्कोस नेण्याचे ठरविले. ब्रुकलिनचा डॉजर्स संघही त्याच वर्षी लॉस एंजेलिसला गेला. दोन शेजाऱ्यांनी एकाच वेळी गाव सोडावे आणि भांडण मात्र बरोबर न्यावे, असा हा प्रकार. २९ सप्टेंबर १९५७ रोजी पोलो ग्राउंड्सवर जायंट्सचा अखेरचा सामना झाला. प्रेक्षक साडेअकरा हजारांच्या आसपासच होते. जायंट्स ९–१ असे हरले. आणि खेळ संपताच लोक मैदानात घुसून हिरवळीचे ढलपे व जे हाताला लागेल ते आठवण म्हणून घेऊन गेले.

मागे राहिलेल्या या शौकिनांची हकीकत फारशी सांगितली जात नाही. संघ गेला, पण त्यांचे मन काही संघाबरोबर पश्चिमेस गेले, काही न्यूयॉर्कला राहिले. १९५८ पासून तीन वर्षे न्यूयॉर्कच्या एका आकाशवाणी केंद्रावर लेस काइटर नावाचा निवेदक सॅन फ्रान्सिस्कोतील सामने ‘पुन्हा उभे’ करून ऐकवीत असे. तो सामना पाहत नसे. तारेने आलेला त्रोटक तपशील समोर ठेवून, लाकडावर काठी आपटून बॅटीचा आवाज काढून, प्रेक्षकांच्या गलक्याचे मुद्रण लावून तो न पाहिलेला खेळ रंगवी. आणि मध्यरात्र उलटेपर्यंत हजारो लोक ते ऐकत बसत. ज्यांचा संघ हिरावला गेला त्यांना हा लाकडाचा टकटकाटही पुरेसा वाटत होता.

संघाबरोबर पश्चिमेस गेलेल्या खेळाडूंत विली मेज हा होता. अलाबामा राज्यात १९३१ मध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या काळी बेसबॉलमधील सर्वांगपरिपूर्ण खेळाडू मानला जाई. १९५४ च्या विश्वमालिकेत चेंडूकडे पाठ करून धावत जाऊन, खांद्यावरून येणारा तो चेंडू त्याने ओंजळीत घेतला होता. अमेरिकेत नुसते ‘तो झेल’ म्हटले तरी लोकांना तो आठवतो. न्यूयॉर्कमध्ये तो हार्लेम वस्तीत राहत असे आणि सकाळी गल्लीतील पोरांबरोबर झाडूच्या दांड्याने रबरी चेंडू टोलवून दुपारी मैदानावर जाई. अशा माणसास नव्या शहराने डोक्यावर घ्यावयास हवे होते.

झाले ते असे. १९५७ च्या नोव्हेंबरात मेज व त्याची पत्नी सॅन फ्रान्सिस्कोत घर पाहावयास आली. एका चांगल्या वस्तीतील नवे घर त्यांना पसंत पडले. किंमत साडेसदतीस हजार डॉलर; तेवढी रोख देण्याची मेजची तयारी होती. पण शेजाऱ्यांचे व इतर व्यावसायिकांचे दडपण येताच घरमालकाने शब्द फिरविला. कारण लपविण्याचीही गरज कोणास वाटली नाही: विकत घेणारा काळा होता. बातमी वर्तमानपत्रात आली आणि देशभर शोभा झाली. महापौर जॉर्ज ख्रिस्तोफर यांनी मध्ये पडून, घर मिळेपर्यंत दांपत्याने आपल्या घरी राहावे असे आमंत्रण दिले. अखेर मालक नमला व घर मिळाले. पुढे त्या घराच्या खिडकीची काचही कोणी फोडली.

येथे दक्षिणेकडील राज्यांतल्यासारखा लेखी नियम नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्को स्वतःस उदार, दर्यावर्दी, सर्वांना सामावून घेणारे शहर समजत होते. मैदानावर पाहुण्यास टाळी आणि गल्लीत मात्र दार बंद, हा भेद अशा शहरातच अधिक बोचतो. प्रेक्षकांनीही मेजला बराच काळ परकाच मानला. त्याच सुमारास आलेला तरुण ऑरलँडो सेपेडा त्यांना ‘आपला’ वाटे. मेज हा न्यूयॉर्कने घडविलेला, म्हणून उसना. १९५९ मध्ये रशियाचे क्रुश्चेव्ह त्या शहरात आले तेव्हा त्यांचे आनंदाने स्वागत झाले. हे शहर क्रुश्चेव्हना टाळ्या देते आणि विली मेजची हुर्यो करते, असा टोमणा त्या वेळी एका पत्रकाराने मारला होता.

नव्या शहरातील जायंट्सचा पहिला सामना १५ एप्रिल १९५८ रोजी एका लहानशा जुन्या मैदानावर झाला आणि त्यांनी डॉजर्सना ८–० असे हरविले. दोन वर्षांनी, १२ एप्रिल १९६० रोजी, शहराच्या आग्नेय टोकास कँडलस्टिक पार्क हे नवे क्रीडांगण उघडले. तेही पाण्याकाठचेच. पण नुसत्या पाण्याकाठाने काय होते? दुपार कलली की टेकडीवरून असा बोचरा वारा सुटे की प्रेक्षक जुलैमध्ये घोंगड्या पांघरून बसत. १९६१ च्या एका महत्त्वाच्या सामन्यात चेंडू टाकण्याच्या बेतात असलेला स्टू मिलर वाऱ्याच्या झोताने हेलकावला व पंचांनी नियमभंग पुकारला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तो उडूनच गेला असे छापले. आसनांखाली उष्णता देणारी यंत्रणा बसविली होती, ती चालेना. तेव्हा एका नामांकित वकिलाने गारठल्याबद्दल संघावर दावा लावून हंगामी तिकिटाचे पैसे वसूल केले! पुढे संघानेच हसत हार मानली आणि रात्रीचा लांबलेला सामना अखेरपर्यंत पाहणाऱ्यास शौर्यपदकाच्या धर्तीवर एक बिल्ला देण्याची प्रथा पाडली.

कँडलस्टिकने एक मोठा प्रसंग मात्र निभावला. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी विश्वमालिकेतील तिसरा सामना होता, आणि प्रतिस्पर्धी होता खाडीपलीकडचा ओकलंडचा संघ. साठ हजारांवर माणसे जमली होती. सामन्यास अर्धा तास उरला असता, सायंकाळी पाच वाजून चार मिनिटांनी ६.९ रिश्टरचा भूकंप झाला. प्रदेशात ६३ माणसे दगावली. मैदान उभे राहिले. सामन्यासाठी लोक लवकर घरी गेले होते म्हणून हमरस्त्यांवर गर्दी कमी होती, नाहीतर बळी कितीतरी वाढले असते, असे मानतात.

या भूकंपाचा आपल्या विषयाशी आणखी एक संबंध आहे. शहर आणि धक्के यांच्या मध्ये १९५९ पासून एंबार्काडेरो नावाचा दुमजली उड्डाणमार्ग उभा होता. त्याच्या आड पाणी दिसेनासे झाले होते. भूकंपाने तो खिळखिळा झाला, १९९१ मध्ये पाडला गेला, आणि तीस वर्षे हरवलेला समुद्र शहराला परत मिळाला. तो परत मिळाला नसता तर ओसाड चायना बेसिनकडे एवढी पावले वळलीच नसती.

तरी मैदान सहजासहजी झाले नाही. नव्या क्रीडांगणासाठी जनतेचा पैसा द्यावा काय, असा कौल १९८७ ते १९९२ या काळात शहरात व आसपास चार वेळा घेतला गेला, आणि चारही वेळा लोकांनी नकार दिला. या नकाराची कित्येकांनी थट्टा केली. परंतु शाळा व रुग्णालये यांचा विचार करणाऱ्या करदात्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. १९९२ मध्ये कंटाळलेल्या मालकाने संघ फ्लोरिडातील मंडळीस विकावयास काढला. न्यूयॉर्कवर जी पाळी आली होती ती आता सॅन फ्रान्सिस्कोवर आली. शेवटच्या घटकेस इतर संघांच्या मालकांनी त्या विक्रीस नकार दिला आणि पीटर मॅगोवन या उद्योगपतीच्या पुढाकाराने स्थानिक मंडळीने संघ विकत घेतला. हा मॅगोवन मूळचा न्यूयॉर्कचा, पोलो ग्राउंड्सवर मेजचा खेळ पाहत वाढलेला. संघ पश्चिमेस गेला त्याच सुमारास त्याचे कुटुंबही तिकडेच गेले होते. लहानपणी एकदा गाव सोडताना पाहिलेला संघ दुसऱ्यांदा जाऊ द्यावयाचा नाही, ही त्याची जिद्द व्यापारी हिशेबात सर्वस्वी बसणारी नव्हती.

१९९६ च्या मार्चमध्ये पाचवा कौल झाला. या खेपेस बांधकामासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला नव्हता. जवळजवळ दोन-तृतीयांश मतदारांनी होकार दिला. ३५ कोटी ७० लक्ष डॉलर खर्चून, कर्ज काढून, मैदान उभे राहिले. १९६२ मधील डॉजर्सच्या मैदानानंतर खासगी पैशाने उभारलेले मोठ्या संघाचे हे पहिलेच क्रीडांगण. कँडलस्टिकचा धडा गिरवून प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासली गेली आणि तीनुसार मैदानाचे तोंड फिरवून वाऱ्यास आडोसा केला गेला. ११ एप्रिल २००० रोजी उद्घाटनाचा सामना झाला. प्रतिस्पर्धी अर्थात डॉजर्स. पाहुण्यांनी ६–५ असा विजय मिळवून वास्तुशांतीच्या दिवशीच यजमानांचा हिरमोड केला, याची निळ्या टोपीवाल्यांस आजही मौज वाटते.

जागा अपुरी, एका अंगाला पाणी. म्हणून उजव्या कोपऱ्यातील कुंपण अवघ्या ३०९ फुटांवर आले. त्यापलीकडे वाट आणि वाटेपलीकडे खाडी. डावखुऱ्या फलंदाजाने जोराने मारलेला चेंडू भिंतीवरून सरळ पाण्यात पडू शकतो. विली मॅकोव्ही हा जायंट्सचा जुना डावखुरा फलंदाज. ५२१ होमरन मारून १९८० मध्ये तो निवृत्त झाला. हे मैदान त्याच्या वाट्यास आले नाही, म्हणून खाडीच्या या तुकड्यास लोक ‘मॅकोव्ही कोव्ह’ म्हणू लागले. कुंपणापार गेलेला चेंडू क्रिकेटमध्ये परत करावा लागतो. बेसबॉलमध्ये तो ज्याच्या हाती पडेल त्याचा. साहजिकच सामन्याच्या दिवशी खाडीत वल्ह्याच्या लहान होड्या जमतात आणि त्यांतील माणसे हाती मासे पकडावयाची जाळी घेऊन बसतात. उंच भिंतीमुळे त्यांना खेळ दिसत नाही. ती रेडिओ ऐकतात. निवेदकाचा स्वर चढला की सर्वांची तोंडे आकाशाकडे वळतात, आणि मग एकच वल्हवावल्हवी! न्यूयॉर्कच्या रात्रींत काइटरचा टकटकाट ऐकत बसलेल्या श्रोत्यांचेच हे खाडीतील भाऊबंद म्हणावयाचे.

बॅरी बाँड्सने १ मे २००० रोजी पहिला चेंडू पाण्यात पोहोचविला आणि पुढे एकूण ३५ वेळा ही करामत केली. उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांमुळे त्याच्या विक्रमांवर सावली पडली ती पडलीच. पाण्यात गेलेल्या अशा फटक्यांची संख्या भिंतीवर लावलेली असते. यात एक पंक्तिप्रपंच आहे. आकडा मोजला जातो तो केवळ यजमानांचा. पाहुण्याने तसाच चेंडू मारला तर तो ओलाच काय तो होतो, भिंतीवर चढत नाही.

असा दुजाभाव हसण्यावारी नेता येतो. पण टोपीच्या रंगावरून माणसे जिवावरही उठतात. ३१ मार्च २०११ रोजी लॉस एंजेलिसच्या मैदानावर हंगामाचा पहिला सामना पाहावयास गेलेल्या जायंट्सच्या एका चाहत्यास, दोन मुलांच्या बापास, सामना संपल्यावर गाड्यांच्या तळावर दोघांनी बेदम मारले. त्याचा मेंदू कायमचा जायबंदी झाला. हल्लेखोरांनी २०१४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी ज्यूरीने बंदोबस्तातील उणिवेबद्दल यजमान संघासही अंशतः जबाबदार धरले. हल्ल्यानंतर अकरा दिवसांनी डॉजर्स खाडीकाठच्या मैदानावर आले. त्या संध्याकाळी खेळापूर्वी दोन्ही संघ मैदानाच्या मध्यभागी एकत्र उभे राहिले आणि प्रत्येक संघातील एकेका खेळाडूने प्रेक्षकांस समजुतीचे चार शब्द सांगितले. पन्नासाहून अधिक वर्षे पोसलेल्या वैरात असे दृश्य क्वचितच दिसले असेल.

मैदानाला व्यापारी कंपन्यांची नावे मिळाली आणि ती तीन वेळा पालटली. २०१९ पासून ते ओरॅकल पार्क म्हणून ओळखले जाते. पत्ता मात्र पहिल्यापासून एकच आहे: २४, विली मेज चौक. चोवीस हा मेजच्या पाठीवरचा आकडा. उजव्या भिंतीची उंची चोवीस फूट तीही त्यावरूनच, आणि चौकात ताडाची झाडेही चोवीसच. मधोमध, फटका मारून चेंडूमागे नजर लावलेला मेजचा पुतळा आहे. ज्यास शहरात घर मिळेना त्याचे नाव शहरातील या गजबजलेल्या पत्त्यास लाभले. एका खिडकीच्या काचेची भरपाई पुतळ्याने होते काय, याविषयी मतभेद असू शकतील. परंतु परगावच्या निळ्या टोपीवाल्यासही आत शिरण्यापूर्वी त्याच्या समोरूनच जावे लागते, आणि बहुतेकजण तेथे क्षणभर थांबतात.

१८ जून २०२४ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, मेजचे निधन झाले. दोनच दिवसांनी जायंट्सचा सामना अलाबामातील बर्मिंगहॅम येथील १९१० सालच्या रिकवूड मैदानावर ठरलेला होता. १९४८ मध्ये केवळ कृष्णवर्णीयांच्या संघातून मेज तेथेच प्रथम व्यावसायिक खेळ खेळला होता, आणि त्या काळी तेथे काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांच्या बैठका वेगळ्या असत. जायंट्स तेथे ६–५ असे हरले. पुढे ८ जुलै रोजी खाडीकाठच्या मैदानावर मेजची स्मरणसभा झाली. त्या दिवशी दारे सर्वांना मोकळी होती आणि आत जाण्यास कोणासही तिकीट पडले नाही.